पोवारांनंतर पोळ

रात्री सव्वानऊला सर्व्हरनं हात टेकले.
पतसंस्थेची माडी, खाली सायकलचं दुकान,
सोल्यूशनचा वास जिन्यातून वर येत होता
आणि पडद्यावर एकच ओळ:
तुम्ही सांगितलेली भाषा इथे सापडत नाही.

म्हणजे नाव ठाऊक होतं,
घरात आणून ठेवली नव्हती.
मागं कुणीतरी घाईत बसवताना
विचारलेल्या प्रश्नाला नुसतंच एन्टर दाबलेलं,
यंत्रानं आपलं आपण लिहून घेतलं: सी.
सी म्हणजे कुठलंच गाव नाही.
सी म्हणजे अक्षराला फक्त नंबर,
देवळाबाहेर चपलेला मिळतो तसला.

अकरा हजार सभासद
आधी आले ते प्रश्नचिन्हं होऊन.
????? ??????, मुक्काम ???????
शिल्लक मात्र बरोबर, पैशापर्यंत.
हेडक्लार्क आनंदा पोळ, चष्मा कपाळावर,
म्हणाले, "पैसा कळतोय, माणूस कळंना.
वसुलीला बरं हाय की."

भाषा उतरवून घेतली. यूटीएफ आठ केलं.
सर्व्हिस पाडली, उठवली.
नावं परत आली, काना-मात्रेसकट:
इंगवले, बागवान, मुल्लाणी, हुजरे.
लॅपटॉप मिटायला हात गेला माझा.
प्रिंटर अडखळत यादी सोडत होता
आणि पोळकाका तिच्यावरनं बोट फिरवत होते,
यंत्रापेक्षा हळू, नावागणिक थांबत.

"आवो मॅडम,
मला पोवारांच्या फुडं कुणी न्हेलं?"

एकसष्ट पोवार.
लाभांशाच्या दिवशी रांग यादीनं लागते.
चौतीस वर्षं हे त्या एकसष्टांच्या मागं,
मग एक पोहाळकर, मग हे.
कुठल्या पोवाराचा गुडघा कधी धरला,
कुणाची पोरगी नर्सिंगला गेली,
कुणी म्हैस विकून शेअर घेतला,
सगळं त्या रांगेत कळलेलं.

"ळ हच्या मागं असतोय.
साळंत म्हटलं न्हाई काय तुम्ही?"

म्हटलं होतं. शिरोळच्या शाळेत, टाळ्या वाजवत,
श ष स ह ळ क्ष ज्ञ.
पण नंबरांच्या तक्त्यात ळ बसतो लच्या पाठीला लागून,
आणि सीला नंबरच वाचता येतो.
कळंबा, पन्हाळा, गुळाची ढेप, कावळा नाका,
दर चार शब्दांनी जिथं जीभ टाळूला जाऊन वळते
तिथं ळ रांग मोडून पुढं घुसला होता
आणि त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता.

क्रम नंतर बदलता येत नाही.
डेटाबेस मांडतानाच ठरतो.
पळवाट असेल म्हणून कागद दोनदा वाचले, नव्हती.
नवा मांडा, सगळी माणसं उचलून तिकडं न्या.
"मग न्या की,"
पोळकाकांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

पुण्यात चार वर्षं मी 'मी आले' म्हणते.
एसटीतून कावळा नाक्यावर पाय ठेवला
की तोंडातून निघतं, 'आलो'.
हे कुठल्या फाइलीत लिहिलेलं असतं
मला अजून सापडलेलं नाही.

पावणेबारा. भाषा मराठी, देश भारत, क्रम मराठी.
लाखाचा स्वल्पविरामही आपल्या जागेवर.
यादी पुन्हा: पोवार, पोवार, पोवार,
दोन पानं पोवार,
पोहाळकर वसंत.
पोळ आनंदा.

ते स्वतःच्या नावाशी थांबले नाहीत.
दोन ओळी वर गेले, शेवटच्या पोवाराशी.
"हिंदुराव. गेला की ह्यो आखाडात.
खातं बंद करायचं ऱ्हायलंय."
माझा हात कीबोर्डवर. "काढू?"
त्यांनी चष्मा खाली ओढला.
"ऱ्हाऊ द्या.
यंदाच्या लाभांशापतोर ऱ्हाऊ द्या."

जिन्यात आईचा फोन. झालं का गं?
"झालं. निघालो मी."